ग्रीष्म आणि स्थलत्याग : साष्टीच्या उत्तर कांठावरून एक विचार

१

गेल्या वैशाखांत प्रस्तुत लेखकाच्या कुटुंबास भर दुपारीं दोन वेळां भोंवळ आली. एकदां स्वयंपाकघरांत शेगडीपाशीं आणि दुसऱ्यांदा बाजारांतून परत येतांना घराच्या जिन्यांत. डॉक्टरांनीं तपासून ऊन लागल्याचें निदान केलें. मीठ-साखरेचें पाणी व विश्रांति एवढ्यावर प्रकृति सुधारली. चिरंजीव पांचगणीस शिक्षक आहेत. त्यांस ही हकीकत कळतांच त्यांनीं फोनवरून सांगितलें कीं, "नाना, आतां भाईंदरचें बिऱ्हाड मोडा आणि आईला घेऊन इकडे कायमचे या. तिथला उन्हाळा तुमच्या वयाला सोसायचा नाहीं." तेव्हांपासून या आग्रहास खंड पडलेला नाहीं. कुटुंबानें त्यास होकार दिलेला नाहीं, तसा नकारही दिलेला नाहीं.

घरगुती गोष्ट त्रैमासिकाच्या पानांवर मांडूं नये हा शिष्टाचार लेखक जाणतो. परंतु या निमित्तानें जुनीं पुस्तकें व टिपणें चाळतांना असें दिसून आलें कीं, हा प्रश्न एका घरापुरता नाहीं. उन्हाळा सोसावा कसा, आणि सोसवेनासा झाल्यास जावें कोठें, हा प्रश्न या किनाऱ्यावरील माणसांपुढें निदान दोन हजार वर्षें उभा आहे; आणि निरनिराळ्या काळीं त्यास दिलेलीं उत्तरें लेखांत, शास्त्रग्रंथांत व लोकांच्या चालीरीतींत शिल्लक आहेत. तीं उत्तरें एकत्र मांडून त्यांचा अर्थ लावावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

२

प्रथम येथील उष्म्याचें स्वरूप समजून घेतलें पाहिजे. भाईंदर हें साष्टी बेटाच्या उत्तर टोंकाचें गांव. उत्तरेस वसईची खाडी, पश्चिमेस राई, मुर्धे, डोंगरी, उत्तन या गांवांपलीकडे समुद्र, आणि पूर्वेस घोडबंदरच्या बाजूनें कान्हेरीचे डोंगर. विदर्भांतील माणूस येथील तापमानाचा आंकडा ऐकून हंसतो, आणि त्याचें हंसणें वरवर पाहतां योग्यही वाटतें. नागपूर-चंद्रपुराकडे पारा ४५ अंश सेल्सिअसपर्यंत जातो. येथें एप्रिल-मे महिन्यांत तो सामान्यतः ३३-३४ अंशांच्या आसपास असतो.

परंतु माणसाचें शरीर तापमापक नव्हे. शरीरांतील उष्णता बाहेर जाण्याचा मुख्य मार्ग म्हणजे घाम वाळणें. घाम नुसता आल्यानें कांहीं साधत नाहीं. तो वाळतांना कातडीची उष्णता घेऊन जातो, तेव्हां गारवा येतो. कोरड्या हवेंत तो लगेच वाळतो; समुद्रकांठच्या दमट हवेंत तो अंगावरच राहतो. म्हणून शास्त्रज्ञ तापमापकाच्या फुग्याभोंवतीं ओलें फडकें गुंडाळून दुसरें एक माप घेतात. हें ओलें माप ३५ अंशांवर गेलें तर सावलींत स्वस्थ बसलेल्या निरोगी माणसाचें शरीरही कांहीं तासांपलीकडे निभाव धरूं शकत नाहीं; वृद्ध, आजारी व कष्टकरी यांची मर्यादा त्याच्या पुष्कळच खालीं येते. ३४ अंशांत भोंवळ कशी येते, असें जे विचारतात त्यांस हें उत्तर आहे.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. दिवसा जमीन समुद्रापेक्षां लौकर तापते, तिच्यावरील हवा वर जाते आणि समुद्रावरून खारा वारा आंत येतो. ज्या दिवशीं हा वारा वेळेवर येतो तो दिवस सुसह्य. ज्या दिवशीं पूर्वेकडील तापलेल्या जमिनीवरून वारा वाहूं लागतो व खारा वारा दुपार टळेपर्यंत अडून राहतो, त्या दिवशीं पारा एकाएकीं चढतो. भाईंदरच्या दक्षिणेस असलेल्या सांताक्रूझच्या वेधशाळेंत १४ एप्रिल १९५२ रोजीं ४२.२ अंश आणि २८ मार्च १९५६ रोजीं ४१.७ अंश तापमान नोंदलें गेलें. कडक दिवस मे महिन्यांतच येतात हा समज त्यावरून चुकीचा ठरतो; फाल्गुन-चैत्रांतही ते येतात. भारताच्या हवामान खात्यानेंही हा भेद ओळखला आहे. उष्णतेची लाट म्हणण्यास सपाट प्रदेशांत ४० अंशांची अट आहे. किनाऱ्यावर ३७ अंश पुरतात, मात्र तें तापमान नेहमीच्या मानानें साडेचार अंशांनीं तरी अधिक असलें पाहिजे.

३

आतां शास्त्रग्रंथांकडे वळूं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील सहाव्या अध्यायांत आणि वाग्भटाच्या अष्टांगहृदयांतील तिसऱ्या अध्यायांत ऋतुचर्या सांगितली आहे. वर्षाचे दोन भाग कल्पिले आहेत. शिशिर, वसंत व ग्रीष्म हा आदानकाल. या काळांत सूर्य जगांतील ओलावा आणि माणसाचें बल हरण करितो. वर्षा, शरद् व हेमंत हा विसर्गकाल. या काळांत तें परत मिळतें. ग्रीष्मांत मधुर, शीत, द्रव व स्निग्ध अन्न घ्यावें, साखर घातलेला सातूचा मंथ प्यावा, दिवसा थंड घरांत निजावें व रात्रीं चांदण्यानें निवालेल्या गच्चीवर झोंपावें, व्यायाम टाळावा, असा उपदेश आहे. एरवीं निषिद्ध मानलेली दिवसाची झोंप ग्रीष्मांत मात्र शास्त्रानें मान्य केली आहे, हें दुपारीं लवंडणाऱ्या सर्व पेन्शनरांनीं लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

काव्यांतही याच्या खुणा आहेत. कालिदासाच्या नांवावर असलेलें ऋतुसंहार ग्रीष्मापासून सुरू होतें. शाकुंतलाच्या तिसऱ्या अंकाच्या आरंभीं शकुंतलेच्या अस्वास्थ्याचें कारण म्हणून आतपलंघन, म्हणजे आपण ज्यास ऊन लागणें म्हणतों तेंच सांगितलें असून, तिच्यासाठीं उशीराचा म्हणजे वाळ्याचा लेप नेला जात आहे. खरें कारण निराळें होतें हें प्रेक्षकांस पुढें कळतें. परंतु ऊन लागून माणूस अंथरुणास खिळतें ही गोष्ट सर्वपरिचित नसती, तर ही सबब कोणास पटली नसती.

हे उपाय आपल्या किनाऱ्यास जसेच्या तसे लागू पडतात काय, हा प्रश्न मात्र विचारला पाहिजे. ग्रीष्माचे महिने शुक्र व शुचि, म्हणजे ज्येष्ठ व आषाढ. कोंकणांत ज्येष्ठाच्या मध्यासच मृग लागतो. मुंबईस पाऊस पोंचण्याची सरासरी तारीख ११ जून धरली जाते. आषाढांत येथें छत्री व चिखल असतो. शास्त्रांतील वसंत तोच आमचा उन्हाळा होय. ग्रंथकारांच्या डोळ्यांपुढें उत्तरेकडील कोरडा प्रदेश होता हें त्यावरून उघड होतें.

त्याहून महत्त्वाचा भेद मिठाचा आहे. ग्रीष्मांत लवण, अम्ल व कटु रस वर्ज्य करावे असें चरक सांगतो. कोंकणांतील चाल नेमकी उलट आहे. कैरीच्या पन्ह्यांत मीठ, कोकमाच्या सारांत मीठ, ताकांत मीठ. पहिले दोन पदार्थ आंबटही. ग्रंथ चुकला कीं लोक चुकले? लेखकाच्या मतें दोघेही आपापल्या जागीं बरोबर आहेत. दमट हवेंत निथळणाऱ्या घामाबरोबर शरीरांतील मीठ जातें. नुसतें पाणी पिऊन तें भरून येत नाहीं. आज दवाखान्यांत जी मीठ-साखरेची पुडी देतात, तिचें तत्त्व पन्ह्याच्या पेल्यांत पूर्वींपासून आहे. शास्त्र उत्तरेंत लिहिलें गेलें. पन्हें येथल्या बायकांनीं येथल्या घामाकडे पाहून केलें. तथापि ज्यांस रक्तदाबाचा विकार आहे त्यांनीं या बाबतींत वैद्याचा सल्ला घेतल्यावांचून लोकरीतीवर विसंबूं नये.

४

उन्हाळ्यावरील दुसरें जुनें उत्तर म्हणजे वाटसरूस पाणी. याचा आपल्या परिसरासंबंधींचा पुरावा दगडावर कोरलेला आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांपैकीं दहाव्या लेण्यांत, क्षत्रप नहपानाचा जांवई उषवदात याचा लेख आहे. त्याचा काळ इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांत पडतो. त्यांत त्यानें केलेल्या दानधर्माची यादी आहे. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन व शोर्पारग या ठिकाणीं त्यानें धर्मशाळा बांधल्या, बागा, तळीं व विहिरी केल्या. इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा व डाहणुका या नद्यांवर फुकट तरी ठेविल्या, आणि त्या नद्यांच्या दोन्ही तीरांवर सभा व प्रपा उभारल्या.

यांपैकीं शोर्पारग म्हणजे आजचें सोपारें. भाईंदरच्या खाडीपलीकडे लोकल गाडीनें थोड्या वेळाचा प्रवास. डाहणुका ही डहाणूची नदी. प्रपा म्हणजे वाटसरूंस पाणी पाजण्याची जागा, आणि मराठींतील पाणपोई या शब्दाच्या पोटांत हीच प्रपा आहे. एका शक राजपुरुषानें संस्कृताच्या वळणाच्या भाषेंत नोंदविलेली ही सोय मराठी माणसाच्या तोंडीं आज अठरा-एकोणीसशें वर्षांनीं त्याच नांवानें टिकून आहे.

दुसरा पुरावा आमच्या दक्षिणेस डोंगरांत आहे. कान्हेरीस शंभरावर लेणीं आहेत आणि त्यांतील पुष्कळ लेण्यांच्या दाराशीं खडकांत खोदलेलें पाण्याचें टांकें आहे. तेथील लेखांत या टांक्यांस 'पोढी' असें म्हटलें असून, लेणें व पोढी यांचें दान बरोबरीनें नोंदलेलें आहे. दात्यांत कल्याण व सोपारें येथील माणसें आहेत. चार महिन्यांचा पाऊस डोंगरउतारावरून चरांनीं टांक्यांत आणावयाचा व पुढचे आठ महिने पुरवावयाचा, ही ती योजना. भिक्षूंनीं उन्हाळ्यांत डोंगर सोडला नाहीं, कारण उन्हाळ्याचें पाणी त्यांनीं पावसाळ्यांतच सांठविलें होतें.

हीच दृष्टि पुढें व्रतांत उतरली. अक्षय्य तृतीयेस पाण्यानें भरलेला कुंभ, पंखा, छत्री व पायतण दान देण्याची चाल आहे. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवास डाळ व पन्हें देतात. धर्मकृत्य म्हणून आपण तीं करितों. परंतु या दानांची यादी नीट पाहिली तर ती उन्हांत चालणाऱ्या माणसाच्या गरजांची यादी आहे हें लक्षांत येतें.

५

आतां स्थलत्यागाचा विचार. उन्हाळा आला म्हणून गांव सोडून थंड जागीं जावें, ही चाल मराठ्यांच्या राज्यांत होती काय? लेखकास तसें दिसत नाहीं. आमच्या परंपरेंत हालचाल थांबते ती पावसाळ्यांत. बौद्ध भिक्षूंचा वर्षावास, संन्याशांचा चातुर्मास, फौजांची छावणी, हीं सर्व पावसाळ्याचीं आहेत. दसऱ्यास सीमोल्लंघन करून फौजा बाहेर पडत आणि मृगाच्या सुमारास घरीं परतत किंवा छावणी करीत. मधला सारा उन्हाळा स्वारींत जाई. लग्नमुंजीही चैत्र-वैशाखांतच होत. उन्हाळा हा त्या समाजाचा कामाचा व कार्याचा काळ होता.

याचें ठळक उदाहरण आमच्या खाडीवरच आहे. इ. स. १५३४ पासून वसई व साष्टी पोर्तुगीजांकडे होती. १७३७ सालीं मराठ्यांची मोहीम सुरू झाली आणि १७३९ च्या पूर्वार्धांत चिमाजी अप्पांनीं तिचा शेवट केला. उत्तनजवळच्या चौक गांवीं, खाडीच्या तोंडावर, धारावीचा किल्ला होता. तो त्याच वर्षीं मराठ्यांनीं घेतला. पुढें वसईच्या तटास वेढा पडला, सुरुंग लागले, आणि शके १६६१ च्या ऐन उन्हाळ्यांत, १७३९ च्या मे महिन्यांत वसई शरण आली. ज्या दिवसांत आम्ही पंख्याखालून उठण्यास कुरकुरतों, त्याच दिवसांत, त्याच खाडीकांठच्या दमट हवेंत, माणसें तटाखालीं मोर्चे खणीत होतीं. मृगापूर्वीं काम उरकणें हा त्यांचा हिशेब होता. पाऊस सुरू झाल्यावर खाडी व चिखल यांत वेढा चालला नसता. उन्हाळा त्यांस सोपा होता असा याचा अर्थ नव्हे. त्यांस पर्याय नव्हता, एवढाच अर्थ आहे.

६

उन्हाळ्यांत डोंगरावर जाण्याची रीत आपल्याकडे पद्धतशीरपणें इंग्रजांनीं आणली. महाबळेश्वर हें त्यापूर्वीं कृष्णेच्या उगमाचें क्षेत्र म्हणून प्रसिद्ध होतें. यात्रेकरू तेथें पुण्यासाठीं जात, गारव्यासाठीं नव्हे. १८२४ सालीं लॉडविक हा लष्करी अधिकारी तेथें चढून गेला. पुढें मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम यानें १८२९ सालीं साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज यांच्याशीं करार करून तो मुलूख मिळविला, व तेथें वसलेल्या पेठेस माल्कम पेठ असें नांव पडलें. माथेरानची हकीकत आमच्या जिल्ह्याशीं अधिक जवळची आहे. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट हा १८५० च्या मे महिन्यांत त्या डोंगरावर गेला आणि तेथील हवा पाहून त्यानें तेथें वस्तीचा पाया घातला. महिना मे होता ही गोष्ट लक्षणीय आहे. पुढें सर आदमजी पीरभाई यांच्या कुटुंबानें बांधलेली नेरळ-माथेरान ही लहान गाडी १९०७ सालीं सुरू झाली.

या जागा थंड कां, याचें कारण साधें आहे. दर हजार मीटर चढल्यास हवा सुमारें साडेसहा अंशांनीं थंड होते. माथेरान सुमारें ८०० मीटर, म्हणजे तेथें पांच अंशांचा फरक. महाबळेश्वर १,३५० मीटरांहून उंच, म्हणजे आठ-नऊ अंशांचा. हा फरक विकत घेण्यासाठीं सारें सरकार डोंगर चढूं लागलें. मुंबईचा गव्हर्नर उन्हाळ्यांत महाबळेश्वरीं, पावसाळ्यांत पुण्यास व थंडींत मुंबईस असा फिरे. हिंदुस्थान सरकारानें १८६४ पासून सिमल्यास उन्हाळी राजधानी केली.

या इतिहासांतून तीन गोष्टी निघतात. एक अशी कीं, ही सोय राज्यकर्त्यांची व पुढें धनिकांची होती. त्यांच्या पालख्या, खुर्च्या व सामान वर नेणारीं माणसें त्याच उन्हांत घाट चढत होतीं. दुसरी अशी कीं, हें जाणें कायमचें नव्हतें. महाबळेश्वरीं वर्षास पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. उन्हाळ्यांत वर गेलेला माणूस पाऊस धरतांच खालीं येई. बारा महिने सुखाची अशी जागा कोणासही सांपडली नव्हती. ऋतूप्रमाणें जागा बदलण्याची ऐपत कांहींजणांस होती, एवढेंच. तिसरी गोष्ट सामान्य माणसाची. मुंबईच्या गिरणींत व पेढीवर राबणारा चाकरमानी मे महिन्यांत रजा काढून कोंकणांत आपल्या गांवीं जाई. तो थंडाव्यासाठीं जात नसे, कारण कोंकणांतही उकाडा असतोच. तेथें आंबा-फणस, विहिरीचें पाणी, सारवलेलें अंगण, झावळ्यांचा मांडव व काम नसलेली दुपार त्यास मिळे. मृगाच्या तोंडावर पेरणीची सोय लावून तो परत येई. हाही स्थलत्यागच, परंतु त्यांत परतीचें तिकीट गृहीत होतें.

७

भाईंदरच्या बाबतींत आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून चित्र पुरें होत नाहीं. येथें शेंकडों माणसांची भाकरी उन्हावरच अवलंबून होती. खाडीकांठचा सपाट प्रदेश मिठागरांचा. उधाणाचें पाणी बांध घालून आंत घ्यावयाचें, एका उथळ वाफ्यांतून दुसऱ्यांत सोडीत सोडीत घट्ट करावयाचें, आणि शेवटच्या वाफ्यांत मिठाचे खडे धरले म्हणजे ते ओढून राशी घालावयाच्या. पावसाळ्यानंतर बांधांची दुरुस्ती होई, आणि मिठाचा खरा हंगाम माघ-फाल्गुनापासून मृगापर्यंत चाले. ऊन जितकें कडक व वारा जितका कोरडा, तितकें पीक चांगलें. वळवाचा एक जोराचा पाऊस झाला तर वाफ्यांतील मीठ विरघळून मेहनत पाण्यांत जाई. उत्तनच्या कोळीवाड्यांत दोऱ्यांवर बोंबील वाळत घालतात, त्यांसही हेंच ऊन लागतें.

प्रस्तुत लेखक १९८४ सालीं शिक्षक म्हणून येथें आला, तेव्हां त्याच्या वर्गांत मिठागरांवर काम करणाऱ्यांचीं मुलें होतीं. वैशाखांत ढग दिसले कीं लेखकास हायसें वाटे. एकदां वर्गांत त्यानें तसें बोलून दाखविलें असतां मागच्या बांकावरील एक मुलगा उठून म्हणाला, "गुरुजी, ढग नको. बापाचं मीठ बाहेर हाय." लेखकानें आयुष्यांत ऋतुवर्णनाचे पुष्कळ श्लोक शिकविले, ग्रीष्माचें हें एक भाष्य मात्र त्यास विद्यार्थ्याकडून मिळालें. त्या मुलाच्या घरीं उन्हाळा टाळावा कसा हा प्रश्न नव्हता. सकाळीं लौकर व संध्याकाळीं उशिरां काम, मधल्या वेळांत झोंपडीची सावली, मडक्यांतील पाणी व मीठ घातलेली पेज, अशा रीतीनें तो सोसला जाई. उन्हापासून पळण्याऐवजीं दिवसाचे तास सरकविणें हाच त्यांचा स्थलत्याग होता.

८

हें सारें मागें पडत चाललें आहे. मुंबई-बडोदे रेल्वे १८६४ सालीं वसईच्या खाडीवरून मुंबईंत आली, तेव्हांपासून या गांवाचें भवितव्य मुंबईशीं जोडलें गेलें. परंतु खरा बदल गेल्या चाळीस वर्षांतला. १९८५ सालीं मीरा-भाईंदर नगरपालिका झाली, २००२ सालीं महानगरपालिका झाली, आणि २०११ च्या जनगणनेंत लोकसंख्या ८,०९,३७८ भरली. मिठागरें व भातशेतें यांच्या जागीं पुष्कळ ठिकाणीं इमारती उभ्या राहिल्या.

जुनें घर उन्हाळ्याकडे पाहून बांधलेलें असे. कौलांच्या फटींतून तापलेली हवा वर निघून जाई, पडवीमुळें भिंतीवर ऊन पडत नसे, सारवलेली जमीन गार राही, परसांतील फणस छपरावर सावली धरी. आजची सिमेंटची इमारत दिवसभर ऊन पिते व रात्रभर तें परत देते. त्यामुळें चरकानें सांगितलेला चांदण्या गच्चीचा उपाय आतां उलट पडतो. मध्यरात्रीपर्यंत गच्चीची फरशी पायास चटका देते. एका घरांतील वातानुकूल यंत्र त्या घरांतील उष्णता उचलून बाहेर गल्लींत सोडतें. ज्याच्या घरीं तें नाहीं त्याच्या खिडकीशीं ती जाते. रात्रीं शरीर निवलें नाहीं म्हणजे दुसऱ्या दिवसाचें ऊन सोसण्याची शक्ति कमी होते. आंकडा तोच असतांना त्रास वाढला, असें जें वृद्ध लोक म्हणतात, त्यांत केवळ वयाची कुरकुर नाहीं.

या उष्म्यास हलकें लेखल्याचा परिणाम महाराष्ट्रानें १६ एप्रिल २०२३ रोजीं खारघर येथें पाहिला. उघड्या मैदानावर भर दुपारपर्यंत चाललेल्या एका समारंभास आलेल्या श्रोत्यांपैकीं चौदा माणसें उष्माघातानें दगावलीं. त्या उलट अहमदाबादेचें उदाहरण घ्यावें. २०१० च्या मे महिन्यांत तेथें कडक उष्णतेनें फार माणसें गेलीं. त्यानंतर २०१३ सालीं त्या शहरानें उष्णतेस तोंड देण्याची योजना आंखली. उष्णता वाढणार असल्याची सूचना आधीं लोकांस देणें, दवाखाने सज्ज ठेवणें, ठिकठिकाणीं पाणी व सावली करणें, हीं तिचीं अंगें. लेखकास त्यांत उषवदाताची प्रपा दिसते. साधनें बदललीं, तत्त्व तेंच राहिलें.

९

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे येऊन लेख संपवितों. चिरंजीवांचें म्हणणें खोटें नाहीं. साठी उलटल्यावर शरीराची घाम आणण्याची व तहान ओळखण्याची शक्ति मंदावते, आणि एकदां ऊन लागलेल्या माणसानें पुढच्या वर्षीं अधिक जपलें पाहिजे. इतिहासाच्या अभिमानानें कोणी भोंवळ खाऊं नये. वसईच्या तटाखालीं जे राहिले ते निरुपायानें राहिले. ज्यास उपाय आहे त्यानें तो करणें यांत उणेपणा नाहीं.

परंतु वर मांडलेल्या पुराव्यावरून असेंही दिसतें कीं, उन्हाळ्यासाठीं जें जाणें या प्रदेशांत रूढ झालें तें ऋतूपुरतें होतें. गव्हर्नर पावसाबरोबर खालीं येई, चाकरमानी मृगाच्या तोंडावर परत येई. उन्हाळ्यापायीं घर मोडणें ही नवी कल्पना आहे. शिवाय पांचगणीच्या श्रावणांतील थंडी व धुकें या सांध्यांस मानवेल असेंही नाहीं; तेथून पावसाळ्यांत खालीं येण्यास एक घर असावें लागेलच.

हें सर्व लिहून झाल्यावर लेखकानें कुटुंबास वाचून दाखविलें. तिनें तें निमूटपणें ऐकलें आणि म्हणाली, "मुलाच्या घरी दोन महिने पाहुणी म्हणून जाईन. कायमची जायला मी काही त्या गांवाचं उन्ह-पाऊस पाहिलेलं नाही. आणि आपण जाऊं तेव्हां खालच्या वॉचमनला पाणी कोण देणार, तें आधीं ठरवा." गेलीं बारा वर्षें इमारतीच्या दाराशीं चैत्रापासून मृगापर्यंत वाळा घातलेला माठ तिनें ठेविला आहे. रखवालदार, टपालवाले, भाजीवाल्या बायका व दारोदार सामान पोंचविणारीं पोरें तें पाणी पितात. या लेखांत प्रपेवर एवढें लिहिलें गेलें आणि स्वतःच्या दारची प्रपा लेखकाच्या ध्यानांतून सुटली, ही उणीव कबूल केली पाहिजे.

तेव्हां निर्णय असा झाला आहे : चैत्र वद्यांत पांचगणीस जावयाचें, मृग लागतांच परत यावयाचें, बिऱ्हाड मोडावयाचें नाहीं. माठ रोज घासून भरण्याचें काम दुसऱ्या मजल्यावरील एका विद्यार्थिनीनें पत्करलें आहे. तिला त्याबद्दल आषाढांत संस्कृताची शिकवणी फुकट मिळेल. चिरंजीवांस हा निर्णय पूर्णपणें मानवलेला नाहीं. तो यंदापुरता आहे, पुढच्या वर्षीं प्रकृति पाहून पुन्हां विचार करूं, असें त्यांस कळविलें आहे. ज्या वाचकांच्या घरीं याच प्रश्नाचा विचार चालला असेल, त्यांस वरील माहितीचा कांहीं उपयोग झाल्यास लेखकास श्रमांचें सार्थक वाटेल.